वाचक विचारतात: पातळ सोलर सेल वळतो हे कळलं, पण टिकतो किती?

मागच्या अंकात पातळ, गुंडाळी करता येणाऱ्या सोलर सेलबद्दल चार ओळींची बातमी दिली होती, त्यावर इतके मेल आले की या वेळचं सगळं सदर याच विषयाला देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. दर दोन-तीन महिन्यांनी बातमी येते की एकदम पातळ सोलर आला, भिंतीला चिकटवा, खिडकीला लावा, आता काचेचे जड पॅनल इतिहासजमा होणार वगैरे. आम्ही छतावर सोलर बसवायचं ठरवलंय आणि आता घरात दोन पार्ट्या पडल्यात, मुलगा म्हणतो थांबा, नवीन टेक्नॉलॉजी येतेय, मी म्हणते आत्ताच बसवू. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: तुमचं. छत मजबूत आहे, ऊन दिवसभर येतंय, तर थांबायचं काहीच कारण नाही. काचेचा सिलिकॉन पॅनल आज २० टक्क्यांच्या वर एफिशियन्सी देतो, म्हणजे भर दुपारी एका चौरस मीटरवर जे साधारण १००० वॉट ऊन पडतं त्यातले २०० वॉट वीज होऊन बाहेर येतात, आणि असा पॅनल २५ वर्षं काम करेल असं बनवणारे लिहून देतात. पातळ सेलवाले अजून असं लिहून देऊ शकत नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात पहिला प्रश्न हाच विचारायला पाहिजे, की बाबा टिकणार किती? बातमीत एफिशियन्सीचा आकडा ठळक असतो, आयुष्याचा आकडा बहुतेक वेळा नसतोच.

पण मुलाचं अगदीच चुकतंय असंही नाही हं. पातळ सेलचं महत्त्व मला मनापासून वाटतं, फक्त त्याची जागा तुमचं छत नाही. जिथे काच नेताच येत नाही तिथे तो जाणार आहे. त्यावर पुढे लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी बारावीत आहे. सिलिकॉन सेल जाड आणि हे नवीन सेल पातळ असं का? सिलिकॉनच पातळ कापला तर नाही चालणार का?

उत्तर: फार छान प्रश्न, आणि दुसऱ्या भागाचं उत्तर तर तुला आवडेलच.

आधी जाडीचं बघू. बाजारातल्या सिलिकॉन वेफरची (ज्या पातळ चकतीपासून सेल बनतो तिची) जाडी आता १५० मायक्रॉनच्या आसपास असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कॅडमियम टेल्युराइड किंवा सीआयजीएस (तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमचं मिश्रण) यांचा थर दोन-तीन मायक्रॉनचा पुरतो आणि पेरोव्हस्काइटचा (शिसं, आयोडीन वगैरे असलेला मिठासारखा स्फटिक) तर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. कारण असं की सिलिकॉनचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी कमीत कमी एनर्जी, इनडायरेक्ट आहे. प्रकाशाच्या कणाने इलेक्ट्रॉनला नुसती एनर्जी देऊन भागत नाही, इलेक्ट्रॉनचा मोमेंटमही बदलावा लागतो आणि तो बदल स्फटिकाच्या कंपनातून यावा लागतो, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या जुळायची शक्यता कमी, म्हणून प्रकाश, विशेषतः लाल आणि इन्फ्रारेड, सिलिकॉनमध्ये बराच खोल जातो आणि मग कुठे शोषला जातो. पातळ थरांच्या मटेरियलमध्ये बँडगॅप डायरेक्ट असतो, कंपनाची वाट बघावी लागत नाही, प्रकाश वरच्या वरच शोषला जातो, मग जाडी हवीच कशाला?

आता वळण्याचं. कुठलीही पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, आणि हा ताण पट्टीच्या जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागलं की मिळतो. गणित करून बघ. १०० मायक्रॉनची पट्टी ५ सेंटिमीटर त्रिज्येत वाकवली तर ताण ०.१ टक्का. ३ मायक्रॉनची पट्टी १ मिलिमीटर त्रिज्येत, म्हणजे जवळजवळ घडी घातल्यावर, ताण फक्त ०.१५ टक्का. म्हणजे वळणं हा मटेरियलचा खास गुण असायलाच पाहिजे असं नाही, पुरेशी पातळ केली की कडक वस्तूही वळते. आणि वर-खाली सारख्या ताकदीचे थर देऊन सेल बरोबर मधोमध ठेवला तर तिथे ताण जवळजवळ शून्यच, ही युक्ती हे सेल बनवणारे नेहमी वापरतात.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, चालतं! शांघायच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ६० मायक्रॉनचे सिलिकॉन सेल करून दाखवले, एफिशियन्सी २४ टक्क्यांच्या वर आणि चांगले वाकणारे. त्यांना दिसलं की तडा नेहमी वेफरच्या कडेपासून सुरू होतो. प्रकाश अडकवण्यासाठी वेफरवर बारीक पिरॅमिड कोरलेले असतात, कडेजवळच्या त्या पिरॅमिडांमधल्या टोकदार खाचांत सगळा ताण गोळा होतो. त्यांनी फक्त कडेच्या पट्ट्यातल्या खाचा बोथट केल्या, मधले पिरॅमिड तसेच ठेवले. इतका साधा विचार, मला तर वाचून फार भारी वाटलं.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव, पातळ म्हणजे वळणारा असं समीकरण नाही. कॅडमियम टेल्युराइडचे पॅनल मोठमोठ्या सोलर प्लँटमध्ये कित्येक वर्षं चालू आहेत, थर अगदी पातळ, पण तो काचेवर चढवलेला आणि वरून परत काच. ते पॅनल सिलिकॉनसारखेच जड आणि कडक असतात.

प्रश्न: पेरोव्हस्काइटची एफिशियन्सी काही वर्षांत ३.८ वरून २६ टक्के झाली असं वाचलं. इतकी झेप खरी असते का? मग अजून बाजारात का नाही?

उत्तर: झेप खरी आहे. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पहिला पेरोव्हस्काइट सेल दाखवला तो ३.८ टक्क्यांचा, आणि त्यात द्रव इलेक्ट्रोलाइट होता, तो द्रवच त्या स्फटिकाला विरघळवून टाकायचा त्यामुळे सेल लगेच मरायचा. २०१२ मध्ये द्रव काढून घन थर घातला आणि आकडा एकदम १० च्या आसपास गेला, तिथून जगभरातल्या लॅब यात उतरल्या आणि आज २६ च्या पुढे आहे. सिलिकॉनला याच प्रवासाला कितीतरी दशकं लागली, १९५४ मध्ये बेल लॅबचा पहिला उपयोगी सेल साधारण ६ टक्क्यांचा होता.

पण आकडा वाचताना दोन गोष्टी बघायच्या. एक, तो केवढ्या सेलचा आहे. विक्रम बहुतेक नखाएवढ्या किंवा त्याहून छोट्या तुकड्यावर होतात. तोच थर एक चौरस मीटरभर सारख्या जाडीचा, एकही भोक न पडता पसरवायचा म्हणजे वेगळीच लढाई असते आणि तिथे आकडा बराच खाली येतो, त्यात काचेऐवजी प्लास्टिकवर केला तर अजून थोडा. दुसरी गोष्ट, सेल नुसता आहे की सिलिकॉनच्या डोक्यावर बसवलेला. ३४ टक्के वगैरे जे वाचायला मिळतं ते टँडेमचं, खाली सिलिकॉन आणि वर पेरोव्हस्काइट, वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो आणि खालचा लाल आणि इन्फ्रारेड. एकट्या थराच्या सेलला साधारण ३३ टक्क्यांची मर्यादा आहे, शॉक्ली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्ये ती मांडली, टँडेम करून ती ओलांडता येते. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये असे टँडेम पॅनल विकायला सुरुवात केली. ते पॅनल काचेचेच आहेत, म्हणजे या पातळ मटेरियलची बाजारातली सुरुवात वळणारा सेल म्हणून नाही तर जाड सेलचा जोडीदार म्हणून होतेय.

आणि वळणारे सेल बाजारात सर्रास का नाहीत, तर मुख्यतः पाण्याच्या वाफेमुळे. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण बातम्यांत हे येतच नाही. पेरोव्हस्काइट हा मिठासारखा आयनिक स्फटिक आहे, ओल लागली की त्याची घडण मोडते, शिवाय उष्णता आणि उजेडात त्यातले आयन जागा सोडून फिरायला लागतात. ऑरगॅनिक सेलना, म्हणजे कार्बनी रेणूंपासून केलेल्या पातळ सेलना, पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही बाधतात. काचेच्या दोन पाट्यांमध्ये बंद केलं तर प्रश्न बराचसा सुटतो कारण काचेतून वाफ जातच नाही, फक्त कडा नीट सील करायच्या. पण काच घातली की वजन आलं आणि वळणं गेलं, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं! मग प्लास्टिक. साध्या प्लास्टिकच्या पातळ फिल्ममधून एका चौरस मीटरला दिवसाला काही ग्रॅम वाफ आरपार जाते आणि या सेलना चालते ती ग्रॅमचा दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. इतकी घट्ट फिल्म बनवता येते, प्लास्टिक आणि सिलिकॉन ऑक्साइडसारख्या सिरॅमिकचे थर एकावर एक देऊन करतात, पण ती महाग पडते आणि वारंवार वाकवली तर सिरॅमिकला केसाएवढ्या भेगा पडतात, मग वाफ शिरायला वाट मिळतेच.

पॅनलची एक नेहमीची टेस्ट असते, ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवायचं, म्हणजे साधारण ४२ दिवस, आणि मग बघायचं किती वीज उरली. सिलिकॉनचे पॅनल ही टेस्ट सहसा पास होतात. पुढच्या वेळी पातळ सेलची बातमी आली तर त्यात हे ८५-८५ कुठे दिसतं का ते शोधा, आणि दिसलं तर सेल काचेत होता की फिल्ममध्ये तेही बघा.

प्रश्न: मी गाडीच्या टपावर लावायला फ्लेक्सिबल पॅनल घेतला होता, पहिल्या वर्षी मस्त चालला, दुसऱ्या वर्षी निम्म्यावर आला, वर पिवळट झाला आणि फुगेही आलेत. हीच का ती नवीन टेक्नॉलॉजी?

उत्तर: नाही, आणि तुमच्यासारखे बरेच जण या नावामुळे फसतात म्हणून वाईट वाटतं. बाजारात फ्लेक्सिबल म्हणून जे मिळतं ते बहुतेक साधेच सिलिकॉन सेल असतात, फक्त काच आणि फ्रेम काढून प्लास्टिकमध्ये बसवलेले. ते जरासे वाकतात पण सारखे वाकवले, किंवा टपावर चढून कोणी त्यावर हात टेकला, की आत डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात. भेग पडलेला भाग वीज द्यायचं सोडून स्वतःच तापतो, तिथला प्लास्टिक जळकट होतो आणि सगळी ओळच मंदावते.

तुमच्या केसमध्ये उष्णताही असणार. टपाला डायरेक्ट चिकटवला की मागून हवा खेळत नाही, उन्हात पॅनल सहज ७०-७५ अंशांपर्यंत जातो, आणि सिलिकॉनची पॉवर २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के कमी होते, म्हणजे चांगला नवीन पॅनलसुद्धा तिथे साधारण १४ ते २० टक्के मागे पडतो. पिवळा पडतो तो वरचा थर बहुतेक पेटचा (PET, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) असतो, उन्हातल्या यूव्हीने तो खराब होतो. परत घ्यायचा झाला तर वरचा थर ईटीएफई नावाच्या प्लास्टिकचा आहे का ते विचारा, तो खूप जास्त टिकतो, आणि पॅनल आणि टपाच्या मध्ये हवेला थोडी तरी जागा ठेवा. टप सपाट असेल आणि वजनाची अडचण नसेल तर सरळ काचेचाच घ्या.

प्रश्न: पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं म्हणे. मग क्लीन एनर्जी कसली?

उत्तर: असतं, आणि काळजी रास्त आहे. प्रमाण सांगते म्हणजे अंदाज येईल. थर अर्ध्या मायक्रॉनचा असल्यामुळे एका चौरस मीटरमध्ये शिसं एका ग्रॅमहून कमी भरतं. गाडीच्या नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत किलोंच्या हिशोबात शिसं असतं आणि आजच्या सिलिकॉन पॅनलच्या सोल्डरमध्येही बहुतेक वेळा थोडं असतंच.

तरीपण "एवढंसंच तर आहे" म्हणून विषय सोडणं मला पटत नाही. पेरोव्हस्काइटमधलं शिसं पाण्यात विरघळू शकणाऱ्या रूपात असतं, बॅटरीतलं एका जागी बंद असतं आणि ती गोळा करून परत वितळवायची पद्धत बसलेली आहे. पातळ फिल्म फाटली, पावसात भिजली, कचऱ्यात गेली तर? फाटल्यावर शिसं धरून ठेवतील असे थर सेलमध्येच घालायचं काम चालू आहे आणि ते चांगलं चाललंय. शिशाऐवजी कथील वापरायचे प्रयत्नही आहेत पण कथिलाचं हवेत पटकन ऑक्सिडेशन होतं, त्यामुळे ते सेल एफिशियन्सीत शिशाच्या बरेच मागे आहेत. वापरून झाल्यावर परत कोण घेणार हे विकायच्या आधी ठरलं पाहिजे, नंतर नाही.

प्रश्न: शर्टावर सोलर सेल लावून फोन चार्ज होईल का?

उत्तर: हळूहळू होईल. उन्हाकडे तोंड असलेली शर्टाची जागा धरा ०.१ चौरस मीटर, सेल १० टक्क्यांचा, तर ऊन सरळ पडलं तर १० वॉट, पण माणूस हलतो, वळतो, सावलीत जातो, म्हणून ३-४ वॉट धरा. फोनच्या बॅटरीत साधारण १५ वॉट-तास मावतात, म्हणजे चार-पाच तास उन्हात फिरायचं! घामाचं आणि धुण्याचं वेगळंच. घराच्या आत तर विचारच नको, खोलीतल्या दिव्याचा उजेड दुपारच्या उन्हाच्या साधारण हजारावा भाग असतो. पण तेवढ्या उजेडावर तापमान किंवा दार उघडं-बंद सांगणारा छोटा सेन्सर मात्र बॅटरी न बदलता चालू शकतो आणि तिथे पेरोव्हस्काइट आणि ऑरगॅनिक सेल सिलिकॉनपेक्षा चांगले ठरतात. कॅल्क्युलेटरवरची ती काळसर पट्टी म्हणजे अमॉर्फस सिलिकॉन, तोही पातळ थरच, आणि तो हेच काम कधीपासून करतोय.

प्रश्न: छतावर नको, शर्टावर नको, मग याचा उपयोग तरी कुठे?

उत्तर: जिथे वजन हीच अडचण आहे तिथे. काचेचा पॅनल एका चौरस मीटरला दहा-बारा किलोचा असतो, त्यात वरून लोखंडी स्ट्रक्चर. कारखान्यांची, गोदामांची पत्र्याची छतं केवढी मोठी असतात, ऊन भरपूर, सावली नाही, पण ती स्वतःचं आणि वाऱ्या-पावसाचं वजन पेलण्यापुरतीच बांधलेली असतात आणि इंजिनिअर बघून सांगतो की पॅनल चढवता येणार नाही. असली छतं जगात प्रचंड आहेत. तिथे चौरस मीटरला दोन-एक किलोची फिल्म चिकटवता आली तर नवीन जमीन न घेता वीज मिळते. जपान याच कारणासाठी पेरोव्हस्काइट फिल्मच्या मागे लागलाय, सपाट मोकळी जमीन कमी, आणि पेरोव्हस्काइटला लागणारं आयोडीन तिथे मुबलक निघतं.

वजनाचे आकडे बघितले की माझा उत्साह का टिकून आहे ते कळेल. नेहमीचा पॅनल किलोला २० वॉटच्या आसपास देतो. ऑस्ट्रियातल्या लिंत्सच्या गटाने २०१५ मध्ये फक्त ३ मायक्रॉन जाडीचे पेरोव्हस्काइट सेल केले, १२ टक्के एफिशियन्सी, आणि ग्रॅमला, हो ग्रॅमलाच, २३ वॉट. त्यावर त्यांनी छोटं मॉडेल विमान उडवलं. एमआयटीमध्ये व्लादिमिर बुलोविच यांच्या गटाने २०२२ मध्ये शाईसारखं मटेरियल छापून केलेले सेल एका मजबूत हलक्या कापडावर चिकटवले, कापडासकट किलोला ३७० वॉट, आणि ५०० वेळा गुंडाळून उलगडल्यावरही ९० टक्क्यांहून जास्त पॉवर शिल्लक होती. पूर आला, भूकंप झाला, रस्ते तुटले, तर पाठीवर टाकून नेता येईल असा हॉस्पिटलच्या तंबूचा वीजपुरवठा, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं, कारण तिथे सेल २५ वर्षं टिकायची गरजच नाही, दोन-तीन वर्षं नीट टिकला तरी कितीतरी लोकांचं काम होतं. अर्थात हे आकडे वाफेपासून वाचवणारी फिल्म घालायच्या आधीचे आहेत, ती घातली की किलोमागचे वॉट कमी होणार.

अवकाशातही वजनच नडतं. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर २०२१ पासून जे नवीन सोलर ॲरे लावले ते गुंडाळी करून वर नेले आणि तिथे उलगडले. त्यातले सेल वेगळे, महागडे, पण गुंडाळून न्यायची कल्पना तीच.

प्रश्न: हे सेल छापता येतात म्हणजे नक्की काय? त्याने प्रदूषण कमी होतं का?

उत्तर: वर्तमानपत्र जसं एका रिळावरून दुसऱ्या रिळावर पळत छापलं जातं तसंच, कागदाच्या जागी प्लास्टिकची किंवा पातळ धातूची फिल्म आणि एकामागून एक थर. सिलिकॉनसाठी क्वार्ट्झचा दगड कोळशाबरोबर साधारण २००० अंशांच्या भट्टीत घालायचा, मग शुद्ध करायचा, १४१४ अंशांच्या वर वितळवून स्फटिक ओढायचा, मग तारेने कापायचा आणि कापताना बराच सिलिकॉन भुगा होऊन जातो. पेरोव्हस्काइटचा थर १५० अंशांच्या आत सुकतो. म्हणजे बनवायला लागणारी ऊर्जा खूपच कमी.

पण हिशोब आयुष्यावर येतो. सिलिकॉन पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा तो साधारण एक-दोन वर्षांत परत करतो आणि पुढे वीसेक वर्षं निव्वळ देत राहतो. पातळ सेलने काही महिन्यांत परत केली आणि तीन वर्षांत मेला, तर तेवढ्याच वर्षांसाठी सात-आठ वेळा नवीन बनवायला लागेल, दर वेळी प्लास्टिक, इंडियम (वरच्या पारदर्शक इलेक्ट्रोडमधला धातू) आणि सॉल्व्हंट (मटेरियल विरघळवायचं द्रव). इंडियम पृथ्वीवर तसंही कमी आहे. शिवाय थर छापायला वापरतात ते काही सॉल्व्हंट विषारी आहेत, ते बदलायचं काम चालू आहे. म्हणून माझा हिशोब असा की छतावर लावायचे पातळ सेल दहा वर्षं टिकायला लागले की ते खऱ्या अर्थाने क्लीन म्हणता येतील.

प्रश्न: ताई, मी केमिस्ट्रीत एमएस्सी करतोय. या फिल्डमध्ये यायचं असेल तर कशावर काम करू? सगळे एफिशियन्सीच्या मागे दिसतात.

उत्तर: तू सेल सील करण्यावर काम कर. वाफ अडवणारी, वाकली तरी न तडकणारी, स्वस्तात लांबच लांब बनवता येणारी फिल्म, हे पॉलिमर केमिस्ट्रीचं काम आहे आणि तिथे हुशार माणसं कमी आहेत कारण त्यात विक्रमाची बातमी होत नाही. दुसरा विषय म्हणजे वरचं पारदर्शक इलेक्ट्रोड. आत्ता इंडियम टिन ऑक्साइड वापरतात, ते काचेवर उत्तम पण वाकवलं की तडकतं, त्याजागी चांदीच्या नॅनोवायरची जाळी किंवा कार्बनचे थर वापरून बघतायत. चांदीला आयोडीन खातं, पेरोव्हस्काइटमधून निसटलेलं आयोडीन चांदीपर्यंत पोचलं की सिल्व्हर आयोडाइड होऊन इलेक्ट्रोड खराब होतो, म्हणजे मध्ये आयोडीन अडवणारा थर पाहिजे आणि तोही वाकणारा पाहिजे. लॅब निवडताना तिथे ८५-८५ चा चेंबर आहे का आणि त्यात सध्या सेल ठेवलेत का एवढं बघून ये.